लुंबिनी आणती, सुगत बसतो

न्हाई, न्हाई, तुमी थांबा जरा! 'लेकरू काय, आपोआप रांगतंय' हे वाक्य माझ्यासमोर कुणी म्हणायचं न्हाई, सांगून ठेवतो! आपोआप! आपोआप काय होतंय हो या जगात? लातुरात नळाला पाणी आपोआप येतंय का? गाडी आपोआप चालू होती का? आन् हे एवढं मोठं काम... दोन हात, दोन गुडघे, वर ते भोपळ्याएवढं डोकं, खाली दुधानं भरलेलं पोट, हे सगळं एका टायमाला उचलायचं, पुढं न्यायचं, परत टेकायचं, आन् ते बी थोबाडावर न पडता... हे आपोआप? रांगायला शिकवतं कोण हो? सांगा की! बोलायला शिकवतो आपण, 'बाबा म्हण, बाबा म्हण' म्हणून घसा कोरडा करतो. चालायला बोट धरतो. पण रांगायला? घरात कोणतं मोठं माणूस रांगून दाखवतंय लेकराला? मग शिकवतं कोण?

तुम्हाला सांगतो, मी सुदाम. औसा रोडला दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला असतो. दिवसभर 'भाऊ, क्लच वायर द्या', 'भाऊ, ब्रेक शू द्या', मी काढून द्यायलोय. घरात आई, रुक्मिणबाई. बायको ज्योत्स्ना, हदगावची. आन् दोन जुळी. लुंबिनी पोरगी, सुगत पोरगा. लुंबिनी मोठी. आता जुळ्यात मोठी म्हणजे किती मोठी? तर आईला इचारा, आई सांगती, "सुगतचं डोकं दिसायच्या आदी ती रडून मोकळी बी झाली होती." लई घाईची बाई. तवापासून घाईचीच हाय.

तर ही लुंबिनी आदी रांगली. आदी म्हणजे कशी? उलटी! न्हाई, खरंच! समोर आईनं डब्याचं लाल झाकण ठेवलेलं. पोरगी पोटावर. डोळे झाकणावर. हात टेकवले, लावला जोर... आन् गेली मागं! झाकण तिथंच, आन् हिला वाटायलंय की झाकणच लांब पळायलंय! परत जोर, परत मागं. भोंगा! अजून जोर, अजून मागं. मी दुकानातून आलो तर पोरगी दिसना. आई म्हणली, "दिवाणाखाली बघ." वाकून बघितलं तर काय... आख्खं अंग दिवाणाखाली, बाहेर नुसतं डोकं, आन् ते डोकं झाकणाकडं बघून शिव्या द्यायलंय. शिव्याच की! बोलता येत न्हाई म्हणून काय झालं?

आता मी माणूस चौकशीचा. मला राहवंना. मागं कामून जातंय लेकरू? मी शर्ट काढला आन् फरशीवर पोटावर पडलो. म्हणलं, बघावं तरी. हात टेकवले, ढकललं... आन् तुम्हाला सांगतो, मी बी मागं सरकलो! तवा उमजलं! इतके दिवस पालथं पडून, मान वर करून करून, लेकराच्या हातात ताकद आलेली असती. पायाला अजून पत्ताच न्हाई की आपल्याला बी काम हाय. हात ढकलणार म्हणल्यावर अंग मागंच जाणार की! मी तिथंच पडल्या पडल्या ओरडलो, "आई, कळलं! हात ढकलायलेत, पाय झोपलेत!" आई दारात. हातात परात. म्हणली, "तू बी झोप बाबा जरा. लई उन्हात फिरलास."

मग काही दिवस ती हातागुडघ्यावर उभी राहायली. उभी राहायची आन् नुसती पुढं-मागं, पुढं-मागं. जाणं कुठंच न्हाई! गाडी न्यूट्रलमधी आन् आक्सिलेटर फुल! आमच्या शेजारच्या हाजराखाला बघून म्हणल्या, "या अल्ला, पोरगी झुलायली बघ! कुणी ढकला की रे तिला!" पण कुणी ढकललं न्हाई. आन् एका दुपारी, कुणी सांगितलं न्हाई, शिकवलं न्हाई, उजवा हात पुढं पडला... आन् त्याच्यासंगं डावा गुडघा! उजवा न्हाई बरं का, डावा! मग डावा हात, उजवा गुडघा! फुली मारल्यावानी! मी म्हणलं, हे कुणी सांगितलं हिला? मी लगेच उतरलो खाली, करून बघायला. विचार करून करायला गेलो तर उजवा हात आन् उजवा गुडघा संगंच निघाले आन् मी धाडकन आडवा! पस्तीस वर्षांचा माणूस! मग मला सांगा, रांगायला शिकवतं कोण हो?

बरं. हे झालं लुंबिनीचं. आता सुगत.

सुगत बसायचा.

बास. बसायचा! मांडी पसरून, पाठ ताठ, पोट पुढं, दोन्ही हात मांडीवर. सरपंच बसल्यावानी. पालथं घातलं की भोंगा, बसवलं की हसू. आन् आमाला बी बरंच वाटायचं हो. एक पळायली, एक बसलाय, हिशोब जमला! त्या दिवसात एक गंमत सुरू झाली. सुगतला काय पायजे असलं की तो बोट करायचा आन् म्हणायचा, "अं!" बास, एवढंच. "अं!" आन् लुंबिनी जिथं असंल तिथून निघायची. चमचा असला तर चमचा, झाकण असलं तर झाकण... हातात धरून रांगायची, म्हणून फरशीवर आवाज यायचा, टक... टक... टक... आन् आणून त्याच्या पुढ्यात टाकायची. त्यानं घ्यायचं, उलटंसुलटं बघायचं, एकदा चाटायचं, फेकून द्यायचं. आन् परत, "अं!" परत ती निघाली. टक, टक, टक.

आईला तर काय आनंद! "भावावर कशी माया हाय बघ पोरीची! जन्मल्या जन्मल्या समज हाय." हाजराखाला म्हणल्या, "नशीब काढलं पोरानं." आमचे मालक एकदा घरी आलते, बघून म्हणले, "सुदाम, ही पोरगी उद्यापासून काउंटरला आण." सगळे हसले. मी बी हसलो.

ज्योत्स्ना हसली न्हाई.

ती कणीक मळायलती, तशीच उठून आली. हात कणकीचे. म्हणली, "हसून राहिले तुम्ही सगळे? पोरीला दात न्हाई आले अजून धड, आन् कामाला लावून राहिले तिला?"

मी म्हणलं, "अगं, लेकरं हायत, खेळायलेत."

"ती खेळून राहिली का? तिनं आणलेलं एक तरी तिच्या हातात राहतं का? तो घेतो, फेकतो, ती परत जाते. मी माझ्या माहेरी, मला नीट चालता येत होतं तवापासून भावाच्या ताटात भाकर वाढली. पण मला निदान बोलता येत होतं. एखाद्या बारीला तरी 'न्हाई' म्हणत होते. हिला तर 'न्हाई' बी म्हणता येत न्हाई अजून!"

मला पाणी पायजे होतं. मी माठाकडं हात करून म्हणलं, "जरा..." आन् ज्योत्स्ना माझ्याकडं बघायली, मग सुगतकडं, मग परत माझ्याकडं. मी उठलो. माझं मी पाणी घेतलं. तुम्हाला बी द्यायचं का म्हणून सगळ्यांना इचारलं.

पण खरी गोष्ट पुढं हाय. दिवस गेले, आन् मग घरात एक दुसरीच भीती शिरली. लुंबिनी आता दिवाण धरून उभी राहायली. आन् हा बसलाच. सल्ले तर काय, ऊस तोडल्यावर शेंड्याचे वाढे पडावेत तसे पडायले! एकजण म्हणला, चाकाचा वॉकर आणा, त्यात घातलं की पळतंय. दुसरा म्हणला, नदीच्या वाळूत कमरेपर्यंत खड्डा करून उभं करा. म्हणलं, अहो, लेकरू हाय का शेवग्याचं खोड? हाजराखाला म्हणल्या, "कुछ नक्को करू बेटा, माझा अरीब रांगलाच न्हाई कधी. बसल्या बसल्या सरकत जायचा, पायजमे फाडले सगळे, आन् एक दिवस उभा राहिला. आज बघ, दुकानात दिवसभर उभाच हाय." मला बरं वाटलं. पण आईला वाटेना.

एका सकाळी मी उठलो तर आई सुगतला मांडीवर घेऊन त्याच्या पायाला तेल लावायली. लावायली म्हणजे काय, चोळायलीच. डोळ्यात पाणी. मी म्हणलं, "काय झालं गं?" तर म्हणली, "सुदाम, तुझा मामा... देवणीचा. त्याचे पाय असेच मऊ होते रे. आमी बी असंच म्हणायचो, आमचा राजा बसतोय, बसू द्या, घाई काय. आमी लई कौतुक केलं त्याच्या बसण्याचं." आन् मग हळूच म्हणली, "तो बसलाच, सुदाम."

माझा मामा तीनचाकी सायकलवर फिरतो. देवणीत घड्याळाचं दुकान हाय, हसरा माणूस, आमाला लहानपणापास्नं तसाच दिसलेला. त्याच्याकडं बघून आई आतल्या आत काय काय मोजती, हे मला या वयापर्यंत ठाऊकच न्हवतं. तवा कळलं, ही आताशा सुगतला खाली का ठेवत न्हाई, 'अं' म्हणायच्या आत का उचलती. लाड न्हवते ते. भीती होती. आपण खाली ठेवलं, आन् पोरगं जागचं हललंच न्हाई तर? त्यापरीस उचललेलं बरं. उचलल्यावर कुणाला कळतंय, चालतंय का न्हाई?

त्याच दिवशी सगळे डॉक्टरीण बाईकडं. सगळे म्हणजे पाचजण, एका ॲटोत. बाई लई शांत. सुगतला टेबलावर पालथं घातलं, उताणं केलं, मांड्या फिरवल्या, तळव्याला हात लावून ढकलून बघितलं. यानं असली लाथ हाणली, बाईचा चष्मा हलला! बाई हसल्या. म्हणल्या, "आजी, पाय दणकट आहेत. काळजी करण्यासारखं काही दिसत नाही."

आई म्हणली, "मग रांगत कामून न्हाई?"

आता योग बघा. आमी बोलायलो तवर लुंबिनीला खाली सोडलेलं. सुगत ज्योत्स्नाच्या मांडीवर. त्यानं खाली पडलेल्या खुळखुळ्याकडं बोट केलं, "अं!" आन् लुंबिनी निघाली की! टक, टक, टक! आणून ज्योत्स्नाच्या पायाशी हजर!

डॉक्टरीण बाईनं बघितलं. पेन खाली ठेवला. म्हणल्या, "याला रांगायची गरजच काय? तुम्ही रांगला असता का?"

मी म्हणलं, "न्हाई." लगेच म्हणलं. विचार करायला लागलाच न्हाई.

मग मी माझा प्रश्न काढला. म्हणलं, "मॅडम, एक इचारू का? रांगायला शिकवतं कोण?" त्या म्हणल्या, "कुणीच नाही. फरशी शिकवते, आणि लांब ठेवलेली वस्तू शिकवते. आपण मध्ये यायचं नाही, आणि एकटंही सोडायचं नाही." मला ते लई आवडलं. मग त्यांनी सांगितलं, जागं असताना दिवसातून थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा, पण समोर बसून. रडला की एकदम उचलू नका, तुम्हीच खाली पडा, तोंडासमोर तोंड आणा, गप्पा मारा. खेळणं हाताला लागता लागता राहील एवढ्या अंतरावर ठेवा. लई लांब ठेवलं तर नाद सोडतो, लई जवळ ठेवलं तर कशाला हलतोय. गुडघे उघडे ठेवा, पायजम्यानं घसरतं. वॉकर आणू नका, त्यानं रांगणंबी होत न्हाई आन् पडायची भीती. आन् काही लेकरं रांगतच न्हाईत, तरी ठीक असतात. महिन्यानं परत दाखवा. आन् जाताना म्हणल्या, "या मॅडमना मात्र जरा सुट्टी द्या." मॅडम म्हणजे लुंबिनी!

झालं! घरी येऊन सुरू! सतरंजी टाकली, सुगतला पालथं घातलं, मी समोर पालथा, ज्योत्स्ना बाजूला पालथी. मधी स्टीलची वाटी. दारातून पोस्टमन बघून गेला, पत्र न देताच! सुगतनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, हात पुढं केला... बोटभर राहिली. चेहरा लाल. "अं!" आमी दगड. "अं!" आमी दगडच. तवर मागून टक टक टक... लुंबिनी आली आन् वाटी उचलून त्याच्या हातात! मी लुंबिनीला उचलून दुसऱ्या टोकाला नेलं, ती परत आली. मधल्या खोलीचं दार लावलं, तर आतून दारावर थापा, आन् बाहेरून हा रडायला, आन् दोघांच्या मधी आमची आई, "राक्षस हाव का रे तुमी? भाऊ-बहिणीला तोडायलाव!"

इकडं आई तर अजून वेगळीच. डॉक्टरनं सांगून बी तिचे हात ऐकंनात. आमी वाटी लांब ठेवायची, आईनं जाता जाता पायानं जवळ सरकवायची. मी म्हणलं, "आई, मी बघायलोय." तर म्हणली, "माझा पाय लागला." रोज पाय कसा लागतोय?

तेवढ्यात हदगावहून फोन. ज्योत्स्नाच्या भावाच्या नव्या घराचा कार्यक्रम. दोन्ही लेकरं घेऊन एसटीनं नांदेड, तिथून पुढं हदगाव... म्हणजे कसरतच. ज्योत्स्नानं रात्रभर विचार केला असावा. सकाळी म्हणली, "मी लुंबिनीला घेऊन जाते. सुगत तुमच्यापाशी राहू द्या." दोघं बी वरचं दूध, खिचडी खायलेत, तशी अडचण न्हवती. पण दोघं जन्मल्यापास्नं एक दिवस वेगळी झाली न्हाईत हो! मी म्हणलं, "जमंल का?" तर म्हणली, "मला तरी कुठं जमून राहिलं? पण तिला बी कळू द्या, आपल्या हातातली वस्तू आपली असती म्हणून." बस सुटली तवा लुंबिनी खिडकीत, हात काचेवर. सुगत माझ्या कडेवर. त्यानं बसकडं बोट केलं. "अं." बस थांबली न्हाई. पहिल्यांदा असं झालं, की त्यानं 'अं' म्हणलं आन् वस्तू लांब गेली.

मी दुकानातून रजा काढली. कशासाठी म्हणून मालकानं इचारलं. म्हणलं, "रांगायचंय." मालकानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

पहिला दिवस वाईट गेला. पोरगं दाराकडं तोंड करून बसलं. चमच्याकडं बोट करंना, वाटीकडं करंना. नुसतं दिवाणाखाली बघायचं, मग दाराकडं, मग दिवाणाखाली. आईनं चमचा आणून दिला, घेतला न्हाई. खुळखुळा दिला, फेकला बी न्हाई! आई म्हणली, "बघ, खेळणं बी सोडलं लेकरानं. तुमच्या रांगण्यापायी." मला बी वाटलं, चुकलंच का काय आपलं. रांगणं गेलं तेल लावत, बोलवून घ्यावं ज्योत्स्नाला.

दुसऱ्या दुपारी तिचाच फोन आला. व्हिडिओवाला. मी फोन फरशीवर ठेवला, भिंतीला टेकून, सुगतपासून जरा लांब. तिकडून ज्योत्स्ना म्हणली, "सुगत, बघ कोण आहे!" आन् फोनमधून लुंबिनीचा आवाज, "अब्बा बब्बा बा!"

पोरगं असं वळलं! मान, मग खांदे, मग आख्खं! फोनकडं बघितलं. बोट केलं, "अं!" आन् माझ्याकडं बघितलं. मी दगड. आईकडं बघितलं. आई उठायली हो... उठायली, मी नुसता हात वर केला, 'थांब' म्हणून. आन् आईनं, तुम्हाला सांगतो, आईनं दिवाणाची कड दोन्ही हातानं गच्च धरली. डोळे मिटले. पण जागची हलली न्हाई. काय सोपं होतं का ते तिला?

फोनमधून परत, "बब्बा!" आन् सुगत पुढं वाकला, हात टेकवले... बसलेला होता तो पोटावर पडला. मी म्हणलं, आता भोंगा. पण भोंगा न्हाई! हात टेकवून मान वर! जोर लावला... आन् गेला मागं! बहिणीवानीच! फोन लांब! अजून जोर, अजून मागं! आता मात्र ओठ वाकडा झाला, "आं... आं..." आई डोळे मिटूनच म्हणायली, "काय झालं? काय झालं रे?" मी म्हणलं, "हललाय आई! उलटा हललाय!"

आन् मला माझंच आठवलं... हात ढकलायलेत, पाय झोपलेत! पायाला टेकायला काही न्हाई! मी सरपटत त्याच्या मागं गेलो आन् माझे दोन्ही तळवे त्याच्या तळव्याला लावले. ढकललं न्हाई बरं का, नुसते लावले. भिंतीवानी. त्याला ते लागलं. क्षणभर थांबला. मग पायानं असा रेटा दिला माझ्या हाताला... आन् गेला पुढं! पोटावरच, बेडकावानी, पण पुढं! मी मागून हात नेले, परत रेटा! परत पुढं! मग एक पाय त्याचा त्यानंच काढला, अंगठा फरशीत रुतवला, आन् माझे हात मागंच राहिले. मी तसाच पालथा, हात पुढं करून, आन् पोरगं माझ्यापास्नं लांब चाललेलं.

पोचला. फोनवर दोन्ही हात मारले, लुंबिनीच्या तोंडावर तोंड टेकवलं, चाटून चाटून फोन कट करून टाकला!

मग त्यानं काय करावं? फोन बाजूला ढकलला आन् मागं बघितलं. फोनच्या मागं! आत्ता इथं होती, गेली कुठं?

तिकडून ज्योत्स्नाचे फोनवर फोन. एक सुगतच्या हातानंच उचलला गेला, "काय झालं? पडला का? बोला की कुणीतरी!" मी पालथा, आई रडायली. शेवटी आईनं फोन घेतला, म्हणली, "पोरी, पाय हायत गं त्याला." तेवढंच. आन् ठेवून दिला. मग लगेच देवणीला लावला, मामाला. "आमचा सरकला रे." मामा तिकडून मोठ्यानं हसला, मला इथवर ऐकू आलं. म्हणला, "ताई, आता तुला बसायला मिळणार न्हाई बघ."

ज्योत्स्ना आली तवर साहेब हातागुडघ्यावर! लुंबिनीला खाली ठेवलं. दोघं समोरासमोर. तिनं त्याच्या नाकाला हात लावला. त्यानं तिचे केस ओढले. खात्री झाली. मग लुंबिनी सवयीनं निघाली, स्वयंपाकघराकडं, वाटी घेतली, टक टक टक परत आली... तर गिऱ्हाईक जाग्यावर न्हाई! ते न्हाणीकडं निघून गेलेलं! लुंबिनीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. हातातल्या वाटीकडं बघितलं. आन् बसली खाली, आन् वाटी फरशीवर आपटून आपटून स्वतःच खेळायली. ज्योत्स्ना भिंतीकडं तोंड करून उभी राहिली जरा वेळ.

सगळं चांगलं झालं म्हणताव? झालं की! पण रांगायला शिकवतं कोण हे इचारायच्या नादात, रांगायचं थांबवतं कोण हे इचारायचं राहिलंच! आता दोन लेकरं, दोन दिशा. एक माठाकडं तर एक चपलांकडं. ज्योत्स्ना एकीमागं, आई एकामागं, आन् मी मधी उभा, कुणीकडं पळू? चार दिवसात आईनं हुकूम सोडला, खाली काही ठेवायचं न्हाई. चपला वर. पिठाचा डबा वर. माझी पान्ह्याची पेटी वर. तेल, साबण, झाडू, वर! घरात आता फरशीवर नुसती फरशी हाय. काल दुकानातून दमून आलो, हातपाय धुतले, म्हणलं, "आई, जेवायला ताट?" आई सुगतच्या मागं पळता पळता म्हणली, "माळ्यावर हाय. शिडी बी माळ्यावरच हाय. चढ तुझं तू."